अक्कांच्या आठ कॅप्सुल

स्वतःच्या वाट्याला आलेली कोणतीही वस्तू आठवडाभर जवळ बाळगणे हा जिच्या लेखी दखलपात्र गुन्हा आहे, अशी एकच व्यक्ती मी एकोणऐंशी वर्षांत पाहिली. आणि ती नेमकी माझ्या दिवंगत पत्नीची थोरली बहीण निघावी, याविरुद्ध दाद मागण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. सिडकोतल्या आमच्या इमारतीत मी तळमजल्यावर राहतो, अक्का दुसऱ्या मजल्यावर. त्यांच्या पंचाहत्तरीला मी दिलेली लोकरीची शाल तिसऱ्या दिवशी रखवालदाराच्या अंगावर दिसली. जाब विचारला तर म्हणाल्या, "अहो वकीलसाहेब, तो उघड्यावर बसतो. मला काय, दार लावलं की झालं." मी वकील नाही, महसूल खात्याच्या आस्थापना शाखेत चौतीस वर्षे काढली आहेत. ही पदवी म्हणजे अक्कांचा टोमणा. भेटवस्तू देणाऱ्याचा उद्देश आणि घेणाऱ्याची बांधिलकी या विषयावर मी त्यांना तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर पोस्टाने, पोचपावतीसह, पत्र धाडले. पोचपावती आली. पत्र नेणाऱ्या पोस्टमनला मात्र अक्कांनी चहा पाजून स्वतःची छत्री देऊन टाकली होती. उन्हात फिरतो बिचारा, म्हणून.

यजमान गेल्यावर नात्यातल्या बायकांनी त्यांना सुचवले की, आता संक्रांतीचे हळदीकुंकू शोभत नाही. अक्कांनी सूचना मान्य केली. हळदीकुंकू बंद केले आणि वाण दुप्पट केले. सवाष्ण असो, विधवा असो, जी जिना चढून येईल तिच्या हातावर तिळगूळ आणि वाण. वाणही चारचौघींसारखे प्लास्टिकची वाटी नव्हे. "उपयोगाचं हवं," हे त्यांचे सूत्र. एका वर्षी जुलाबावरची साखर-मिठाची पाकिटे वाटली, एका वर्षी नेलकटर, आणि गेल्या वर्षी उंदरांचे पिंजरे. त्यानंतर इमारतीतले उंदीर खरोखर कमी झाले, हे न्यायबुद्धीने नमूद करणे भाग आहे.

या हिवाळ्यात अक्कांच्या गळ्यातील थायरॉइडची गाठ एवढी वाढली की पाणी पितानाही ठसका लागू लागला. संपूर्ण ग्रंथी काढायचे ठरले. परंतु तपासणीत रक्तात ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतेच. डॉक्टर सांगत गेले, मी वहीत उतरवत गेलो. थायरॉइडच्या मागे डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात, त्या रक्तातले कॅल्शियम सांभाळतात. शस्त्रक्रियेत त्यांना धक्का बसला तर कॅल्शियम एकाएकी उतरते, आणि अंगात ड जीवनसत्त्वाचा साठा नसेल तर ते सावरणे जड जाते. म्हणून आधी आठ आठवडे, दर रविवारी एक कॅप्सुल. "हमी नाही," डॉक्टर म्हणाले, "पण धोका कमी होतो." मी त्याच दिवशी तक्ता आखला: दिनांक, वेळ, सही. अक्कांच्या फ्रिजवर चिकटवला. दर सोमवारी दोन जिने चढून तपासला. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी "कॅप्सुल झाल्या?" असे विचारताच आठ सह्यांचा तो कागद मी, सांगायला लाज वाटते, अभिमानाने पुढे केला.

शस्त्रक्रिया निर्विघ्न झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का म्हणाल्या, "ओठांना मुंग्या येताहेत हो." दुपारपर्यंत मनगटे वाकली, बोटे ताठरली, अंगठे तळव्यात वळले. जे हात मी उभ्या आयुष्यात देण्यासाठी उघडलेलेच पाहिले, ते मिटले आणि उघडेनात. शिरेतून कॅल्शियम सुरू झाले. हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या पडद्याशेजारी बसून मी, मला दुसरे येते काय, पत्र लिहिले. मुद्दे अकरा. "रुग्णाने पूर्वतयारीचे सर्व निर्देश तंतोतंत पाळलेले असताना" हा पहिला, आणि सोबत पुरावा म्हणून तक्ता. रुग्णालयाच्या कार्यालयात देऊन पोच घेतली.

तिसऱ्या दिवशी भेटायला कांताबाई आल्या. त्या मूळ सोयगावच्या, अक्कांकडे धुणीभांडी करतात.

"अक्का, तुमच्या वाणानं माझं गुडघं लई हलकं झालं बघा."

"कसलं वाण?" मी विचारले.

"गोळी हो साहेब, संक्रांतीची. आठ जणींला एकेक. आधी पिंजरा दिल्ता, औंदा गोळी."

"एका गोळीने गुडघा बरा होत नाही, कांताबाई."

"नाय कसा? तुमाला दिली नाय म्हणून जळता व्हय?"

अक्कांनी डोळे मिटून घेतले होते. मी म्हणालो, "अक्का, आणि त्या सह्या?"

"तुम्ही सही मागितली, मी केली. तुमच्या तक्त्यात 'गिळली' असा रकाना कुठं होता?" मग डोळे उघडून, "माझे गुडघे ठणठणीत. त्या सगळ्या जिन्यात कण्हतात. मला एकटीला आठ?"

मी पत्र मागे घ्यायला गेलो. डॉक्टरांनी ते वाचलेले होते. रागावले असते तर बरे वाटले असते. "काका, कॅप्सुल घेऊनही असं होऊ शकतं," ते म्हणाले. "इतकं झालं नसतं, कदाचित." त्या एका 'कदाचित'ने माझी झोप गेली. चौतीस वर्षे मी कागद तपासले. दर सोमवारी वर जाऊन कागदच तपासला. तो ज्यांनी भरला त्या समोर उभ्या होत्या, त्यांना साधे विचारलेही नाही.

आता चार महिने झाले. डाळीएवढ्या त्या चार ग्रंथी अजून जाग्या झालेल्या नाहीत. होतील की नाही, कोणी सांगू शकत नाही. दिवसातून तीनदा कॅल्शियम, वर ड जीवनसत्त्व, खाडा झाला की मुंग्या. आणि खाडा व्हायचाच. एकदा पूर्ण पट्टी कांताबाईंच्या सुनेला गेली. पोटुशी आहे, तिला दोघांची हाडे घडवायची आहेत, हा युक्तिवाद. त्या वेळी पुन्हा दवाखाना. मी विनंती केली, समज दिली, नोटीस बजावली. उपयोग शून्य. अखेर एके दिवशी मी ओरडलो, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "लासूर स्टेशनला आम्ही सहा बहिणी. पेरू आला की मी कापायची. कापणारीनं शेवटी घ्यायचं, असा आईचा नियम. फोडी केल्या की नेमकी शेजारची पोर येऊन बसायची, माझी फोड तिला. तेव्हापासून सवयच राहिली. एकटीनं काही घ्यायचं म्हटलं की घशाखाली उतरत नाही हो."

म्हणून आता मी दिवसातून तीनदा वर जातो. त्या गोळी घेतात, मी समोर बसून पेलाभर पाणी पितो, दोघे एकदम. अशाने तीन आठवडे खाडा नाही. पण मी अक्कांहून तीन वर्षांनी मोठा आहे, आणि दुसऱ्या जिन्याच्या वळणावर हल्ली थांबावे लागते. काल तिथे बराच वेळ कठडा धरून उभा राहिलो. वर पोहोचलो तेव्हा अक्का तळहात पुढे धरून बसल्या होत्या. गोळी घामाने ओलसर होऊन हाताला चिकटली होती.

"वेळ टळून गेली, अक्का. घेऊन टाकायची होती."

"घेणार कशी?" त्या म्हणाल्या. "तुम्ही येत होतात की. पावलं ऐकू येत होती."