आधी छापून घ्या जी

गोंदियाच्या बाजारातलं त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान आता राहिलं नाही. सगळे त्यांना ‘मिस्त्री’ म्हणत, मीही तेच म्हणायचो. बंद पडलेल्या संगणकाला ते आधी डॉक्टरसारखा कान लावायचे आणि मगच पेचकस हातात घ्यायचे.

एकदा पेपरात वाचलं, की चिप बनवणारी कंपनी आणि सॉफ्टवेअरवाली कंपनी यांनी मिळून नव्या प्रोसेसरचा संगणक आणलाय. जुना देऊन तो घ्यायचा, म्हणून मी दुकानात गेलो.

“जुन्यात काय हाय जी?” त्यांनी विचारलं.

“बाबांनी गोळा केलेले आपल्या इकडच्या झाडीबोलीतले शब्द. शेवटच्या आजारपणात त्यांनी स्वतः टाइप केले होते.”

मी पेनड्राइव्हवर आणलेली ती फाइल त्यांनी दुकानातल्या नव्या संगणकावर उघडली. पडद्यावर नुसते चौकोन दिसले. बाबांचा जुना फॉन्ट त्यात नव्हता.

“दोन मोठ्या कंपन्या एक झाल्या सर, पण तुमच्या बाबाले कोणी इचारलं का? आधी छापून घ्या जी. नवा मंग पाहू.”

दुसऱ्या दिवशी ते स्कूटरवर प्रिंटर बांधून घरी आले. जुन्या संगणकाला जोडून दिवसभर पानं छापत बसले. मधेच एका पानावर थांबले.

“सांदवाडी,” ते हळूच म्हणाले. घरामागच्या जागेला इकडे सांदवाडी म्हणत. “माही आजी म्हणे जी. आता घरात कोणीच नाही म्हणत.”

ते पान त्यांनी पुन्हा एकदा छापलं आणि नीट घडी घालून आपल्या खिशात ठेवलं.