बालाजीचा उजवा हात

बालाजी गेल्याचं कळलं तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होतो. सकाळची शिफ्ट, चाकणच्या चौकातली रोजची कोंडी, अर्धी बस झोपेत. फोनवर संगीतावहिनी होत्या. रडत नव्हत्या. "भाऊजी, आज डायलिसिसला न्यायचं होतं ह्यांना... उठवायला गेले, तर उठलेच नाहीत," एवढंच म्हणाल्या. मी तिथंच उतरलो आणि रस्ता ओलांडून परतीच्या बसची वाट बघत उभा राहिलो. बस येईना. त्या वेळात त्याचा चेहरा डोळ्यांसमोर यायला हवा होता, पण येत होता तो त्याचा चिखलानं माखलेला उजवा हात.

आम्ही दोघंही मराठवाड्यातले. तो धाराशिवकडचा, मी बीडचा. भोसरीत एका खोलीत आम्ही कितीतरी वर्षं काढली. तो प्रेस मशीनवर होता. हात चपळ, कामाला वाघ, आणि तोंडानं सतत कुणाची तरी नक्कल चाललेली. मग एका दुपारी प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. बोटांबरोबर नकलाही गेल्या. कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये बसवलं. पुढं लग्न झालं, चिखलीत घर झालं, पण तो हात खिशातच राहिला. लग्नाकार्यात तो पंगतीला बसत नसे, घरी जाऊन जेवायचा. कुणी हस्तांदोलनाला हात पुढं केला, की दोन्ही हात जोडून नमस्कार करायचा, तोही असा, की उजवा हात डाव्याच्या आड जावा. मी इतक्या जवळचा, पण त्या हाताबद्दल आम्ही कधी बोललो नाही. तो विषय काढत नसे, आणि काढू नये हे मलाही कळत होतं.

आमच्या कंपनीतल्या काही जणांनी एका उन्हाळ्यात चाकणच्या पुढं धरणावर जायचं ठरवलं. तिथले नामदेवमामा रविवारी शहरातल्या लोकांना पाण्यात उतरवून हातानं मागूर मासे धरायला शिकवतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. बालाजीला मी विचारलं तर नको म्हणाला. वहिनींनीच त्याला बाहेर काढलं. "जाऊन या. भिंतीकडं बघत बसण्यापेक्षा बरं." गावात येणाऱ्या पाण्याच्या टँकरमागं पळत लहानपण गेलेला माणूस, एवढं पाणी बघून काठावरच थबकला.

नामदेवमामांचं गाव त्या धरणाखाली गेलेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं, की जुन्या शेतांचे दगडी बांध उघडे पडतात आणि त्या दगडांच्या कपारीत मागूर जाऊन बसतात. काळपट, मिशाळ, बुळबुळीत मासा. मामा कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून सांगत होते, "ह्यो आमचाच बांध. आत हात घालायचा आन् गप ऱ्हायचं. मिशी लागली की घाई न्हाई करायची, न्हाईतर काटा बसतो. डोक्याच्या मागं हळू धरायचं, मग वढायचं." एकेक जण हात घालत होता आणि दचकून काढत होता. बालाजी मागं उभा, हात खिशात, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

मामांनी त्याला बोलावलं. तो जागचा हलेना. मग जवळ जाऊन, आम्हाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "मामा, मला बोटं कमी हैत." मला ते ऐकू आलं. मामांनी त्याचा हात बघायला मागितला नाही. ते म्हणाले, "आत अंधार हाय. तितं कोन बघतंय?"

बालाजीनं खिशातून हात काढला आणि खांद्यापर्यंत पाण्यात घातला. गाल पाण्याला टेकलेला, डोळे मिटलेले. बराच वेळ काही झालं नाही... मग त्याचं अंग एकदम ताठ झालं. "हाय," तो म्हणाला. मामा नुसते, "थांब... थांब..." म्हणत राहिले. त्यानं मासा बाहेर काढला तेव्हा काटा बसून तळव्यातून रक्त येत होतं, पण पकड सुटली नव्हती. तीन बोटांचा तो हात त्यानं सगळ्यांसमोर वर धरला. मासा वळवळत होता, आम्ही सगळे बघत होतो, आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. परतताना गाडीत त्यानं नामदेवमामांची नक्कल केली. इतक्या वर्षांनी केलेली पहिली नक्कल.

त्यानंतर दर उन्हाळ्यात आम्ही जायचो. पण अशी फार वर्षं मिळाली नाहीत. त्याच्या पायांवर सूज यायला लागली, मग तपासण्या, मग मूत्रपिंडं गेल्याचं निदान. डाव्या हातात डायलिसिससाठी नस जोडली. त्या हातानं वजन उचलायचं नाही, त्याला घाण पाणी लागू द्यायचं नाही. प्यायचं पाणीही मोजून. ओठ ओले करण्यापुरतं घ्यायचा आणि पेला दूर सरकवायचा. "गावाकडं पाणी नव्हतं म्हणून पीत नव्हतो," एकदा म्हणाला, "आता नळाला हाय तर हे असं."

यंदाच्या उन्हाळ्यात त्यानं हट्टच धरला. वहिनी नको म्हणत होत्या, पण शेवटी त्याही आल्या. डावा हात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यांनी तो ओढणीनं त्याच्या गळ्यात बांधला. मामांनी त्याला बांधाशी उथळ पाण्यात दगडावर बसवलं आणि मागून खांदे धरून ठेवले. त्यानं उजवा हात आत घातला. मिशी लागल्याचं त्याच्या चेहऱ्यावर आम्हाला दिसलं. डोळे मिटून तो तसाच बसून राहिला. आम्ही वाट बघत होतो. मग त्यानं हात रिकामाच बाहेर काढला.

"निसटला व्हय?" मामांनी विचारलं.

"न्हाई. धरला होता," बालाजी म्हणाला. "वढायला जोर न्हाई ऱ्हायला, मामा."

वहिनी पाण्याकडं पाठ करून चपला शोधायला लागल्या. परतीच्या वाटेवर त्यांनी हात पुसायला ओला रुमाल दिला, तर तो म्हणाला, "असू दे जरा." घर येईपर्यंत चिखल वाळून त्याच्या हातावर पांढरा पडला होता. पावसाळा सुरू व्हायच्या आतच तो गेला. चांगला पाऊस झाल्यावर मामांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बांध पान्याखाली गेला आता." आणि फोन ठेवला.

परवा चिखलीला वहिनींना भेटायला गेलो. आभाळ भरून आलं होतं, खोलीत अंधार होता. आत शिरताना मी दिव्याच्या बटणासाठी उजवीकडची भिंत चाचपली. बटण तिथं नाही. घर झालं तेव्हाच बालाजीनं ते दाराच्या दुसऱ्या बाजूला घेतलं होतं, डाव्या हाताला सोपं पडावं म्हणून. येणारा प्रत्येक जण चुकतो. इतक्या वर्षांनी मीही चुकलो. वायरमन नुकताच येऊन गेला होता, हे वहिनींनी नंतर सांगितलं. बटण उजवीकडं घेऊ का, असं त्यानं विचारलं, तेव्हा वहिनी नको म्हणाल्या. मी अजून भिंत चाचपत होतो. आतून त्यांचा आवाज आला.

"डावीकडं, भाऊजी."