बाई, बैल आणि डिझेल

"तुझी आई पण आहे का त्यात?" आमच्या प्रकल्पप्रमुख सरांनी विचारलं आणि अख्खी खोली हसली.

मी पडद्यावरच्या यादीकडं बोट दाखवून उभी होते. पुण्यातल्या त्या संशोधन केंद्रात मी इंजिनियर म्हणून लागले होते. भातलावणीचं नवं यंत्र शोधायचं होतं. त्यासाठी लावणीतली प्रत्येक गोष्ट संगणकाला नेमकी समजावायची. ती कुठल्या वर्गातली, काय करते, कशाच्या आड येते. मग जिथं अडतं तिथं संगणक नव्या कल्पना सुचवणार.

'माणूस' या वर्गात दोघंच होते. यंत्र बनवणारा आणि यंत्र चालवणारा. लावणी करणारी बाई होती 'ऊर्जास्रोत' या वर्गात. बैल, डिझेल, बाई. एका रांगेत.

"आहे," मी म्हणाले. "गावी, गुंजवण्यात. आत्ता भाताच्या खाचरात वाकलेली असंल."

गावाकडचं 'असंल' निसटलं. सगळे पुन्हा हसले.

"हे गावातलं भांडण नाही गं," सर म्हणाले. "तर्कशास्त्र आहे. भावना बाहेर ठेवून येत जा."

मी तर्कानंच बोलले. ऊर्जास्रोताला पाठ नसते. पाठ नाही, तर दुखणं नाही. दुखणं सांगितलंच नाही, तर संगणक त्यावर उपाय शोधणार कसा?

सर शांतपणे म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. पण यंत्र जे विकत घेणार, त्यांची पाठ दुखत नाही."

कुणी हसलं नाही. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

"मांडणी तपासली म्हणून तुझं नाव टाक आणि पाठव," ते म्हणाले.

"नाही टाकणार."

आयुष्यात पहिल्यांदा मी साहेबाला नाही म्हणाले. शेजारच्या मुलानं तिथल्या तिथं त्याचं नाव टाकलं. महिनाअखेरीस मला काढलं.

घरी आले तेव्हा आई पाय धूत होती. सगळं सांगितलं.

"त्यापायी नोकरी घालवलीस व्हय?" ती म्हणाली. "बैलापरास आमाला येगळं कवा मोजलंय कुणी?"

मी तिच्या पायावर पाणी ओतत राहिले.

यंत्र तयार झालं. रोपं सरळ लावतं म्हणे. त्याच्यामागं चुकलेली रोपं खोचत बायाच चालतात. वाकून.

आता एका कंपनीचं बोलावणं आलंय. काम तेच. तिथंही असंच असणार, मला दिसतंय. तिथूनही काढतील. काढू देत. माणसाला माणसांतून वगळायला माझा हात मिळणार नाही. त्यांना नाही. कुणालाच नाही.