ढकलायचं नाही

आर्डिसबाईंची करवत शिकवण्याची तऱ्हा लार्च फोर्क गावात सगळ्यांना ठाऊक आहे. गावातल्या करवत ओढणाऱ्या निम्म्या जोड्या त्यांनीच तयार केल्या आणि प्रत्येकाने त्यांची बोलणी खाल्ली. दोघांची करवत फक्त ओढायची असते. आपण ओढून झालं की हात सैल सोडायचे आणि समोरच्याला ओढू द्यायचं. घाईत कुणी ढकललं, की पातं वाकतं आणि कापातच थरथरत अडकतं. "ढकलायचंच असेल तर बाळाची गाडी घे," असं त्या भर मैदानात सुनावत. कुणाचा मुलाहिजा ठेवणं त्यांच्या स्वभावात नाही, आणि गावाचं त्यांच्यावर प्रेम आहे ते त्यामुळेच.

त्यांचा जोडीदार म्हणजे नवरा, लायल. लग्न झाल्यापासून दर जुलैत रोडिओच्या, म्हणजे घोड्या-बैलांवरच्या स्वारीच्या खेळांच्या मैदानात ओंडके कापायच्या स्पर्धेत ही दोघं ओंडक्याच्या दोन बाजूंना उभी राहत आली. गेल्या हिवाळ्यात जंगलात एक झाड भलत्याच बाजूला कलंडलं आणि लायलचा उजवा खांदा चिरडला. डॉक्टरांनी खांदा जोडून दिला, पण हातात पूर्वीचा जोर काही आला नाही. कॉफीची किटलीसुद्धा तो डाव्या हाताने उचलायचा आणि कुणी पाहिलं तर चिडायचा.

जूनमध्ये एकदा स्वयंपाकघरात तो म्हणाला, "यंदा तू मर्लच्या भावाबरोबर उतर."

"त्याला करवत कुठल्या बाजूने धरायची तेही कळत नाही."

"मला कुणाची कीव नकोय, आर्डिस."

"कीव करायला वेळ कुणाला आहे? बटाटे सोल."

बटाटे सोलता सोलता त्याने अट घातली. एकदा उतरून बघू. माझ्या वाट्याचं मला ओढता आलं नाही, तर करवत भिंतीला टांगायची आणि पुन्हा विषय काढायचा नाही. आर्डिसबाईंनी हो म्हटलं, पण धास्तावूनच. हा माणूस बोलला की तसंच करतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

स्पर्धेच्या दिवशी बिथरलेल्या घोड्यांवरची स्वारी आटोपली. बैलांची व्हायची होती. मधल्या वेळात मैदानात ओंडके आणून बसवले. कठड्यामागे बैल डुरकत होते. भोंग्यावरून बोलायचं काम मर्लचं, आणि त्याच्या जिभेला हाड नाही.

"लायल, खांदा बरोबर आणलायस ना? का बायकोच्या भरवशावर आलास?"

लोक हसले, लायलही हसला. मर्लचं एवढं बरं आहे, तो कुणाला आजाऱ्यासारखं वागवत नाही.

शिट्टी झाली. सुरुवात झकास झाली. मग लायलच्या बाजूला जाताना करवत रेंगाळू लागली. आर्डिसबाईंचा जीव तीळतीळ तुटत होता. जरासा रेटा दिला असता, तर लोकांच्या लक्षातही आलं नसतं. पण लायलच्या हातांना कळलं असतं. त्या हात सैल सोडून थांबल्या. त्याने दात ओठ खाऊन ओढली. मग स्वतःची पाळी आली की त्या अंगातलं सगळं बळ लावायच्या, गेलेला वेळ भरून काढायला. शेजारच्या जोड्यांच्या चकत्या धपाधप खाली पडल्या. मैदानात कापणारी ही दोघंच उरली. शेवटी शेवटी आर्डिसबाईंना श्वास पुरेना, हात लाकडासारखे झाले. तेवढ्यात पातं एकदा थरथरलं, सगळ्यांना दिसेल असं. आणि यांचीही चकती पडली.

"ढकललं," मर्ल भोंग्यावरून म्हणाला. "मंडळी, आर्डिसने ढकललं. आता मी मरायला मोकळा."

सगळं मैदान हसलं. आर्डिसबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "लायल, शपथ सांगते, मी नाही ढकललं."

लायल ओंडक्यावर हात टेकून धापा टाकत होता. "माहितीये. मी ढकललं."

"तू?"

"तुझा दम संपला होता. म्हटलं, जरा हातभार लावावा."

आर्डिसबाई बघतच राहिल्या. स्वतःच्या वाट्याचं ओढून वर बायकोला देण्याइतका जोर या माणसाकडे शिल्लक होता. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग बाहीने डोळे पुसून त्यांनी भर मैदानात नवऱ्याला असं काही फैलावर घेतलं, की त्या दिवशी बैलांची स्वारी बरीच उशिरा सुरू झाली.