रोज वीतभर मुरघास

उमरेडपासून कोसभरावर आमचं शेत होतं. सत्तरच्या दशकातल्या एका एप्रिलमध्ये मी तिथला मुरघासाचा खड्डा उघडला... आणि बघायला आजूबाजूला एकही माणूस नव्हता.

हिरवी ज्वारी बारीक कापून खड्ड्यात दाबून भरायची आणि हवा जाऊ नये म्हणून वरून भाताचं तणस नि माती लिंपायची, हा मुरघास. खड्डा मी आणि बाबांनी आठ ढोरांच्या हिशेबानं भरला होता. पण दिवाळीनंतर मोठा भाऊ आईबाबांना नागपुरात सक्करदऱ्याला घेऊन गेला, सहा ढोरं विकली गेली. उरलो मी, एक गाय आणि एक म्हैस.

मी हट्टानं मागे राहिलो होतो. उन्हाळा निघाला नाही तर हीही दोन विकून नागपूरला यायचं, असं भावाला कबूल केलं होतं.

बाबांनी जाताना बजावलं होतं... एकाच टोकानं उघड, वरून खालपर्यंत उभा काप घे, उघडं तोंड ओल्या पोत्यानं झाक. आणि रोज वीतभर तरी मागे सरकलं पाहिजे, नाही तर तोंड सडतं.

आता दोन ढोरं रोज वीतभर कशी संपवणार? मी आपलं शहाणपण लढवलं. मधला मऊ मऊ चारा हातानं ओढून काढू लागलो. आठ दिवसांत तिथं चांगलं भगदाड पडलं, आत हवा शिरली. हात घातला तर चारा गरम लागायचा, वर काळी बुरशी. रोज एक टोपलं ढोरांना आणि दोन उकिरड्यावर, असं सुरू झालं.

खरं सांगतो, चाऱ्यापेक्षा मला दुसरंच लागत होतं. चार चार दिवस माझ्या तोंडून शब्द निघत नसे. म्हशीशी बोलायचो, तर ती रवंथ करत दुसरीकडे बघायची. भरल्या घरासाठी भरलेला खड्डा, आणि त्याच्या तोंडाशी मी एकटा... फार पोकळ वाटायचं.

पलीकडच्या शेतात यशोदाकाकी राहायची. मुलं कोळशाच्या खाणीत कामाला, ही चार ढोरं घेऊन एकटी. बाबांचं आणि तिचं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून वाजलेलं, त्यामुळे दोन वर्षं बोलणं बंद. तिची ढोरं वाळका कडबा चघळताना मला रोज दिसायची.

तिच्याकडे जायला मला तीन दिवस लागले. गेलो आणि म्हटलं, आमचा मुरघास न्या.

तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "काहून गा? सडला म्हून आमच्या ढोराईले देऊन राहिला काय?"

घरून तयार करून आणलेलं सगळं बोलणं मी विसरलो. तोंडून एवढंच निघालं, "एकट्यानं संपून नाही राहिला, काकी." आणि माझा आवाज फाटला. लाज वाटली.

तिनं भिंतीवरचं टोपलं काढलं आणि ती माझ्यापुढं चालू लागली. खड्ड्यापाशी येऊन बुरशी खरवडली, आतला चारा मुठीत घेऊन हुंगला. मग विळा मागितला आणि भगदाड पडलेलं तोंड सरळ होईपर्यंत माझ्याकडून कापून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहाला काकी हजर. मी उभा काप घ्यायचा, तिनं टोपली भरायची, दोघांनी पोतं ओलं करून टाकायचं. सहा ढोरांत रोज वीतभर बरोबर संपायचं. मग चहा, आणि बाबांच्या नावानं थोडी बडबड. उकिरड्यावर पुन्हा टोपलं गेलं नाही.

पाऊस लागायच्या आत खड्डा संपला. दोन्ही ढोरं दावणीलाच राहिली. आनंद व्हायला हवा होता, पण शेवटचं टोपलं भरताना माझा जीव कसनुसा झाला. उद्यापासून कोण येणार?

सकाळी सहाला काकी रिकामं टोपलं घेऊन दारात उभी.

"काकी, काल संपला ना..."

"मले माहीत नाही काय? चहा तं ठेव."

आता मीही सक्करदऱ्यात असतो, काकी जाऊन बरीच वर्षं झाली. सकाळी सहाला चहा अजून दोन कपांचाच टाकतो... दुसरा कप पिणारं कोणी नसतं, तरी ते रिकामं टोपलं आठवलं की हात आखडता घेता येत नाही.