दिगंबरची राहिलेली दुरुस्ती

दिगंबर गेल्याची बातमी आमच्या एमबीएच्या बॅचच्या ग्रुपवर आली आणि तिच्याखाली पहिला निरोप पडला, "अभिनंदन भावा, पार्टी कधी?" त्याखाली टाळ्या, त्याखाली पुष्पगुच्छ. आमच्या ग्रुपची रीतच तशी आहे. कुणाला बढती मिळाली, कुणी दुबईला गेलं, कुणी फ्लॅट घेतला की ॲडमिन त्याचा टाय लावलेला फोटो टाकतो, खाली नाव, खाली हुद्दा आणि बातमी सगळ्यात शेवटी. शेवटपर्यंत वाचतो कोण? फोटो दिसला की बोट आपोआप अभिनंदनावर जातं. या वेळी शेवटच्या ओळीत 'हृदयविकाराने निधन' असं लिहिलेलं होतं. चूक कळल्यावर निरोप भराभर पुसले गेले, त्यांच्या जागी जोडलेले हात आले... पण मी वाचायचं ते वाचलं होतं. डोक्यात तिडीक गेली. आणि त्याहून जास्त तिडीक गेली ती हुद्द्याची ओळ वाचून. 'संस्थापक-संचालक, हिल रिसॉर्ट, भंडारदरा.' मेल्यावरही या लोकांनी त्याला खरं राहू दिलं नाही.

दिगंबर अकोले तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरातला. मी नगरची, वडील कोर्टात कारकून. ग्रुप डिस्कशनच्या तासाला आम्ही सगळे मोडक्या इंग्रजीत तारे तोडायचो आणि हा शेवटी हात वर करून विचारायचा, "पण सर, हे खरं हाय का?" वर्ग फिदीफिदी हसायचा. मीही हसायचे, पण मग मधल्या सुट्टीत त्याच्याच शेजारी जाऊन बसायचे, कारण त्याच्याशी बोलताना काही लपवावं लागायचं नाही. पुढे सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात त्याला एचआरची नोकरी लागली. गावात पेढे वाटले गेले. काम काय, तर कंत्राट संपलं की गेटवर उभं राहून कामगारांना सांगायचं, उद्यापासून येऊ नका. काही वर्षं त्याने ते केलं. मग एकदा नगरला बसस्टँडसमोर चहा पिताना म्हणाला, "मेधा, माझ्या तोंडातून दिवसभर 'येऊ नका' एवढंच निघतं गं. घरी गेल्यावर पोरगीसुद्धा जवळ यायला बिचकती." आणि खरंच राजीनामा दिला. आमच्यातले शहाणे म्हणाले, डोकं फिरलंय याचं.

गावी भंडारदऱ्याच्या रस्त्यालगत घराच्या ओसरीवर त्याने आणि सुनंदावहिनींनी खानावळ काढली. चार टेबलं, मागे चूल. वहिनी बाजार आणि कालवणं बघायच्या, भाकरी हा थापायचा आणि हाच भाजायचा. तांदळाची भाकरी आईकडून शिकला. पहिले काही महिने वाडीतल्या कुत्र्यांची चंगळ झाली, असं स्वतःच सांगायचा. दारात कुणी घुटमळलं की चुलीपासून ओरडायचा, "या, बसा." पर्यटक असो, टेम्पोवाला असो, सगळ्यांना एकाच आवाजात. मी गेले की मलाही तेच. इतका निवांत झालेला माणूस मी आमच्या अख्ख्या बॅचमध्ये दुसरा पाहिला नाही.

मग नगरला बॅचचा स्नेहमेळावा झाला. आमच्या मेळाव्यात गप्पा होत नाहीत, माईक फिरतो. एकेकाने उभं राहायचं आणि हुद्दा, कंपनी, गाडी, मुलं कुठे शिकतात ते सांगायचं. दिगंबर उभा राहिला आणि म्हणाला, "नोकरी सोडली. गावात आमची खानावळ हाय. मी भाकऱ्या भाजतो." सगळ्यांना वाटलं विनोद केला, टाळ्या पडल्या. सूत्रसंचालकाने माईक घेतला, "म्हणजे आपले दिगंबर आता हॉस्पिटॅलिटी क्षेत्रात!" याने माईक परत मागून घेतला. "हॉस्पिटॅलिटी न्हाई. भाकऱ्या." पुन्हा हशा. त्यांना ते ऐकूच जात नव्हतं. आपल्यातला एक माणूस चुलीपुढे बसतो आणि सुखात आहे, हे यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. तो पडला असता, बुडाला असता, तर यांनी मायेने पाठीवर हात फिरवला असता.

नंतर बॅचची दरवर्षी निघणारी स्मरणिका छापून आली. 'बॅचची भरारी' या पानावर दिगंबर हिल रिसॉर्टचा संस्थापक-संचालक. एरवी न चिडणाऱ्या माणसाचा फोन आला. "अगं, गावातल्या पोरांनी वाचलं. म्हणतात, आमच्यापुढं खानावळ आन् नगरात जाऊन रिसॉर्ट सांगतो व्हय? मी खोटारडा ठरलो." मी संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, चांगलंच तर लिहिलंय. करू पुढच्या अंकात दुरुस्ती." पुढचा अंक आला, दुरुस्ती नाही. त्याच्या पुढचा आला, त्यातही नाही. दिगंबर दर वेळी विचारायचा, "आली का गं?" ...आणि तशीच वाट बघत तो गेला.

दहाव्याला बॅचचे काहीजण गाडी करून आले होते. येताना फ्रेम आणली, टायमधला फोटो, खाली सोनेरी अक्षरांत तोच हुद्दा. स्वतःच खिळा ठोकून ती ओसरीच्या भिंतीवर लावली, तिच्याजवळ उभं राहून फोटो काढला, ग्रुपवर टाकला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी फ्रेम उतरवायला निघाले तर वहिनींनी हात धरला. "राहू द्या ताई. मानसं लांबून आल्ती."

परवा मी पुन्हा गेले होते. खानावळ सुरू झाली आहे. त्याच्या पाटावर आता वहिनी बसतात, हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले. एक गाडी थांबली, पुण्याचं कुटुंब दारात घुटमळलं. चुलीपासून आवाज आला नाही. त्यांच्यातल्या गृहस्थांचं लक्ष फ्रेमकडे गेलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "रिसॉर्ट कुठल्या बाजूला आहे हो?"

वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटली. मग मान वर करून, दारापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या, "रिसॉर्ट न्हाई. ते भाकऱ्या भाजायचे. या, बसा."