खिशातला कागद

कोर्टाच्या कादंबऱ्या वाचून माणूस किती बिघडतो, हे बघायचं असेल तर माझ्याकडं बघावं. शाळेतून निवृत्त झालो आणि हाच नाद लागला. आधी जाड कादंबरी वाचायची, मग तिच्यावरचा चित्रपट मोबाइलवर बघायचा आणि शेजाऱ्यांना पकडून सांगायचं, की पुस्तकातला वकील असा बोंबलत नाही. दोन्हींत एक गोष्ट मात्र पक्की असते. सगळं हातचं गेलं असं वाटत असताना कुणीतरी खिशातून कागद काढतो आणि अख्खं कोर्ट गार पडतं.

माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, लोहाऱ्याच्या कोर्टात शेताच्या वाटेचा दावा चालू होता. शेजाऱ्यानं तिची बांधाकडची गाडीवाट नांगरून टाकली होती. मी तिचा साक्षीदार. आमचे वकील म्हणाले होते, "साक्ष नीट झाली तर सुगीच्या आत निकाल लागंल. जुना काही कागद असला तर आत्ताच द्या, गुरुजी."

कागद होता की! शेजाऱ्याच्या बापानं अंगठा देऊन वाट सोडल्याचा कागद, दाजींच्या माघारी त्यांच्या ट्रंकेत मला सापडलेला. अक्काला वाचता येत नाही, तिला मी बोललोच नाही. वकिलाला द्यावा तर तो बाकीच्या कागदांत टाचून टाकणार, मग मजा काय राहिली? प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी तो चार महिने जपला. आरशासमोर तालीमसुद्धा केली. हसा, हसा.

साक्षीच्या दिवशी बघतो तर समोरचे वकील म्हणजे सर्दी झालेला एक साधा माणूस. नाक पुसत प्रश्न विचारत होते. मी दणकून उत्तर द्यायचं, जज्जसाहेबांनी ते बेतानं टायपिस्टला सांगायचं, तोवर माझा सगळा जोर ओसरायचा. शेवटी समोरचे वकील म्हणाले, "तिथं वाट कधी नव्हतीच, बरोबर?"

मी खिशात हात घातला. "साहेब, आता हा कागदच बोलंल!"

कोर्ट काही गार पडलं नाही. टायपिस्टनं मान वर करून विचारलं, "हे पण घ्यायचं का, साहेब?"

"हा यादीत आहे का?" साहेबांनी आमच्या वकिलांना विचारलं. त्यांनी कपाळाला हात लावला. समोरच्या वकिलांनी नाक पुसून विचारलं,

"किती दिवसांपासून तुमच्याकडं होता?"

"चार महिने."

"तुमच्या वकिलांना दाखवला?"

"न्हाय."

"का?"

आता काय सांगू? कादंबरीत असंच करतात म्हणून? सांगता येत न्हाय, म्हणालो. कागद हल्लीच बनवलाय, असं समोरचे म्हणाले, ते मी साफ नाकारलं. साहेबांनी सांगितलं आणि टायपिस्टनं बडवलं: 'कागद आधी का दाखवला नाही याचे कारण मला सांगता येत नाही. तो मी हल्लीच तयार केला, हे म्हणणे खरे नाही.' इतका अस्सल कागद, पण माझ्याच करणीनं तो बनावट वाटायला लागला. आमच्या वकिलांनी तो दाखल करून घ्या म्हणून अर्ज दिला. समोरच्यांनी म्हणणं द्यायला मुदत मागितली आणि पुढची तारीख पडली दिवाळीनंतरची.

"गुरुजी," बाहेर आल्यावर वकील म्हणाले, "तुम्ही आमचे साक्षीदार का त्यांचे?"

अक्का पदर खोचून पुढं चालू लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोयाबीन काढलं, पण गाडी आत जाईना. ओढ्यातून, गुडघाभर चिखलातून, एकेक भारा डोक्यावर आणायचा. मीही गेलो. दुसऱ्याच खेपेला पाय घसरला आणि भाऱ्यासकट ओढ्यात बसलो. साठी ओलांडलेली अक्का मागं, डोक्यावर तिचा भारा.

"त्या तुझ्या पिच्चरात," ती म्हणाली, "कागद काढल्यावर पुढं काय व्हतं रं?"

"लगेच निकाल लागतो. मग पिच्चर संपतो."

"बरंय त्यांचं," अक्का म्हणाली. "ऊठ आता. भिजलेला भारा आधी ने."